कमळाबाईंचे तीनशे बारा बटवे

अंजूरच्या आमच्या गोदामात दोनशेच्या वर विक्रेत्यांचा माल होता. आपला माल ठीक आहे ना, हे बघायला स्वतः चालत येणारी त्यांतली एकच व्यक्ती होती. तिचे नाव कमळा केसरीनाथ केणी. मंगळवारी आणि शनिवारी, सकाळी दहाच्या सुमारास त्या फाटकाशी उभ्या असत. उभ्या असत म्हणणेही बरोबर नाही. फाटक ते सावलीचे झाड अशा त्यांच्या फेऱ्या चालू असत, आणि हात पदराचे टोक गुंडाळत आणि सोडत असत.

दोन हजार आठ साली मुंबईच्या एका कंपनीने हे गोदाम भाड्याने घेतले होते. तिचा बाजार संगणकावर भरायचा. विक्रेत्याने आपला माल आधीच आमच्याकडे आणून ठेवायचा. गिऱ्हाइकाने मागणी नोंदवली की आम्ही ती वस्तू फडताळावरून काढायची, खोक्यात भरायची आणि कुरियरने रवाना करायची. आवक आणि जावक, दोन्ही माझ्याकडे होते. कंपनीच्या नियमांचे मराठी करून फाटकावर लावलेली यादीही माझीच होती. काय काय ठेवता येणार नाही, त्याची चौतीस कलमे होती.

ही व्यवस्था कमळाबाईंना पहिल्यापासून अस्वस्थ करत होती. विकला न जाता माल घराबाहेर कसा जातो, हेच त्यांना उमगत नव्हते. बाजारात टोपली घेऊन बसले तर टोपली समोर असते, गिऱ्हाईक समोर असते. इथे दोन्ही दिसत नाहीत. आत जाऊन एकदा हात लावून येते, असे त्या म्हणत आणि मी नियम सांगत असे. शेवटी आमचा दौलत आत जाऊन येई आणि सांगे, "वयनी, तुझं बटवं झोपलेत गुपचूप. तू पन जरा बस."

दौलत माल उतरवून घेणारा तपासनीस. तो त्याच गावचा, कमळाबाईंचा नवरा केसरीनाथ याच्या भावकीतला. म्हणून ती त्याची वहिनी.

कमळाबाईंना बसणे ठाऊकच नव्हते. खाडीपलीकडच्या गावातून लग्न होऊन अंजूरला आल्या त्या वर्षापासून नारपोलीत यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरायला जात होत्या. मागाच्या आवाजात बावीस वर्षे गेलेल्या माणसाचे होते तसे त्यांचे झाले होते: बोलणे मोठ्याने आणि हात सतत चालू. नवरा अंजूरफाट्यावर रिक्षा चालवायचा. पुढे भारनियमन वाढले, शेठने अर्धे माग विकले आणि कांडीवाल्या बायका घरी बसल्या. कमळाबाई दोन महिने घरात नुसत्या फिरल्या. मग कारखान्यातून उरलेले कापडाचे तुकडे मागून आणून त्यांनी बटवे शिवायला घेतले. नाडी ओढून तोंड बंद होणारे, वीतभर उंचीचे, काठ लावलेले. हळदीच्या कार्यक्रमाला बायकांना द्यायला अशी वस्तू लागते, आणि आमच्या भागात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी.

पुतणी दिपाली कॉलेजात शिकत होती. तिने भिवंडीच्या सायबर कॅफेत बसून काकूचे खाते उघडले. विक्रेत्याच्या रकान्यात कमळाबाईंचे पूर्ण नाव आले. त्याचा छापील कागद त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जवळ बाळगत. कारखान्यात बावीस वर्षांत त्यांचे नाव कुठे लिहिलेले नव्हते. हजेरीच्या वहीत 'कांडी–४' असे असे.

पहिले शंभर बटवे गणपतीच्या आधी संपले. मग त्यांनी तीनशे बारा आणून दिले. लग्नसराई तोंडावर होती. सगळे सुरळीत होते, आणि घोटाळा झाला तो कौतुकामुळे.

पहिल्या शंभरांतला एक बटवा कोल्हापूरच्या एका बाईंकडे गेला होता. त्यांनी कंपनीच्या पानावर अभिप्राय लिहिला की बटवा सुरेख आहे, आणि आत शकुनाचे तांदूळ, हळकुंड अन् सुपारी बघून माहेरची आठवण झाली. तो अभिप्राय मुंबईच्या कचेरीत कुणीतरी वाचला. सोमवारी सकाळी गुणवत्ता विभागाच्या रुचिका मॅडम थेट गोदामात हजर झाली. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. कामाला चोख, आवाज कधी न चढवणारी मुलगी. कमळाबाईंचे खोके फडताळावरून उतरवून तिने पहिलीच प्लॅस्टिकची पिशवी कापली, बटव्याची नाडी सैल केली आणि तो कागदावर उपडा केला. चिमूटभर तांदूळ पडले, हळकुंड पडले, सुपारी पडली. त्यांच्याबरोबर चार काळे टोके, तांदळातले किडे, पडले आणि कागदाच्या कडेकडे चालू लागले.

शेजारच्या फडताळावर लहान मुलांचे कपडे होते. तिथपर्यंत टोके पोचले नव्हते, हे आमचे नशीब.

मी यादी काढली. कलम सहा, धान्य व खाद्यपदार्थ. कलम सात, शेतमाल. सुपारी तंबाखूच्या कलमात. शिवाय अर्जातल्या 'आतील वस्तू' या रकान्यात 'काही नाही' असे लिहिलेले होते, म्हणजे खोटी माहिती. दिपालीला फोन लावला तेव्हा कळले की तिने विचारले होते, काकू, आत काय असतं, आणि काकूंनी सांगितले होते, काही नसतं. दोघींपैकी कुणालाच त्यात खोटे वाटले नव्हते.

दौलतलाही वाटले नव्हते. माल आला त्या दिवशी त्याने दहा बटवे उघडून बघितले होते, ती त्याची कामाची पद्धत होती. तांदूळ दिसले होते का, असे मी विचारले. दिसले होते, म्हणाला. मग नोंद का केली नाही?

"साहेब," तो शांतपणे म्हणाला, "पत्रिकेला हलद लावलेली असते. तर घरात पत्रिका आली म्हनतात. हलद आली म्हनतात कं?"

रुचिका मॅडमच्या ओठांवर हसू आले होते, पण ते तिने कागदावर उतरू दिले नाही. आदेश लेखी दिला. माल सात दिवस रोखून ठेवायचा. पुढच्या सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत विक्रेत्याने इथेच, माल उतरवायच्या ओट्यावर बसून सगळे बटवे स्वच्छ करायचे; एकाच माणसाला प्रवेश. तीनशे बाराच्या तीनशे बारा नग फेरतपासणीत उतरले तर माल पुन्हा फडताळावर. एक जरी कमी भरला किंवा एकात जरी दाणा सापडला, तर पूर्ण माल नष्ट करायचा आणि खाते कायमचे बंद.

हे कमळाबाईंना सांगायचे काम माझे होते. मला वाटले होते, त्या रडतील किंवा भांडतील. त्यांनी विचारले, "तांदूल काढून काय घालू?"

मी म्हणालो, काही घालायचे नाही. रिकामा ठेवायचा.

त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. मग म्हणाल्या, "रिकामा बटवा कुनाला देतात, साहेब?"

मी कंपनीची बाजू समजावली. तांदूळ त्यांच्या घरचा होता. खाडीच्या कडेला दोन गुंठे उरले होते त्यातला, औषध न मारलेला. त्याला कीड लागणारच, आणि एका खोक्यातली कीड साऱ्या गोदामात जाणार. हे त्यांनी लगेच मान्य केले. टोक्यांबद्दल त्यांना खरोखर लाज वाटली होती. ज्यांचे कपडे शेजारी होते त्यांना माझ्याकडून माफी सांगा, असे दोनदा म्हणाल्या. पण रिकामे देणे त्यांच्या गळी उतरेना. देवाचा कोप होईल वगैरे त्यांच्या मनात नव्हते. त्यांना वेगळीच टोचणी होती. घेणारी उघडून बघेल आणि म्हणेल, या बाईच्या घरात मूठभर तांदूळही नव्हते. आणि वर आपले पूर्ण नाव छापलेले.

मंगळवार आणि बुधवार याच्यातच गेले. ओट्यावर खोकी मांडून ठेवली होती, प्रवेशाचा पास तयार होता आणि कमळाबाई एकाही बटव्याला हात न लावता ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. मध्येच थांबून एखादी वस्तू सुचवत आणि मी यादीत बघत असे. रुपयाचे नाणे? चलन पाठवता येत नाही, कलम एक. कुंकू? सुटी पूड. खडीसाखर खाद्यपदार्थात गेली, फूल नाशवंतात, कापूर ज्वलनशील. कवडी सुचली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. पण कलम एकोणीस होते, प्राण्यांपासून मिळालेल्या वस्तू. शेवटी म्हणाल्या, दिपालीकडून दोन शब्द लिहून घेते, शुभेच्छांची चिठ्ठी घालते. परवानगीशिवाय कोणताही लेखी किंवा छापील कागद घालता येत नाही, कलम अठ्ठावीस.

"ही यादी कुनी लिवली?" त्यांनी विचारले.

मराठी मीच केली, असे मी सांगितले.

"मंग तुमच्या घरी पाहुना आला तर हातावर काय ठेवता?"

दौलत मागून म्हणाला, "वयनी, मोठ्या बटव्यात लहान बटवा घाल. कापड कापडात, कोन काय बोलनार?"

"आनि लहान्यात काय घालू, तुझा डोका?"

ओट्यावरचे हमालसुद्धा हसले. पण बुधवारी संध्याकाळी त्या निघाल्या तेव्हा एकही बटवा उघडलेला नव्हता, आणि हातात चारच दिवस राहिले होते, कारण रविवारी गोदाम बंद. मी दौलतला म्हणालो, समजाव तुझ्या वहिनीला. तो म्हणाला, तिला समजलेले आहे, म्हणून तर ती चालते आहे.

गुरुवारी रुचिका मॅडम दुसऱ्या एका मालासाठी आली होती. कमळाबाई तिच्या मागे मागे फिरू लागल्या. मला वाटले, आता गयावया करतील. तसे काही नव्हते. त्या तिच्या कुर्त्याकडे बघत होत्या. गळ्याशी बारीक मणी शिवलेले होते. अखेर त्यांनी तिच्या बाहीला हात लावला.

"बाय माझे, कुर्ता घेतलास तवा हे मनी निराले घेतलेस कं?"

"नाही मावशी, मणी कुर्त्यालाच होते."

"म्हंजे मनी हा माल न्हाय. कुर्ता हा माल."

रुचिका मॅडम थांबली. माझ्याकडे वळली. मी यादीची मूळ प्रत काढून व्याख्या बघितल्या. सुटी वस्तू आणि जोडलेला भाग यांत कंपनीने फरक केलेला होता. शिवून, चिकटवून किंवा स्क्रूने पक्का केलेला भाग मूळ वस्तूचाच धरायचा. ती ओळ मराठी करताना मी गाळली होती. चौतीस कलमांत बसत नव्हती म्हणून.

"आतून एक मनी शिवते," कमळाबाई म्हणाल्या. "बोट घातला का लागल. रिकामा न्हाय राहिला."

रुचिका मॅडमने आपल्या अधिकारात होय म्हटले नाही; मुंबईला विचारते म्हणाली. उत्तर शुक्रवारी दुपारी साडेबाराला आले. मणी ओढून तुटता कामा नये, एवढी अट घालून परवानगी होती. कमळाबाई त्याआधीच रिक्षाने भिवंडीला जाऊन मणी घेऊन आल्या होत्या. हिरवे दोनशेच मिळाले, बाकीचे पिवळे.

मग जे काम सुरू झाले ते मी ओट्यासमोरच्या माझ्या टेबलावरून अडीच दिवस बघितले. प्लॅस्टिक कापायचे, नाडी सैल करायची, बटवा डब्यावर उपडा करायचा, उलटा करून शिवणीतला दाणा ब्रशने काढायचा, मणी लावायचा, धागा तीनदा फिरवून गाठ मारायची, सुलटा करायचा, नव्या पिशवीत घालायचा. एकाला साधारण चार मिनिटे. त्यांचा चष्मा जुना होता आणि सुई ओवताना वेळ जाई, म्हणून दौलत जेवणाच्या सुट्टीत पन्नास सुया ओवून ठेवी. शनिवारी दुपारी वीज गेली. तीन तास पत्र्याखाली पंखा नाही, दिवा नाही. त्या खोकी ओढत ओट्याच्या कडेला उजेडात गेल्या आणि उभ्यानेच शिवू लागल्या. उभ्याने हात जास्त चालतो म्हणाल्या. कारखान्यात उभ्यानेच होते.

संध्याकाळी आणखी एक अडचण उभी राहिली. काढलेला तांदूळ डब्यातून घरी न्यायचा होता आणि फाटकावरचा पहारेकरी तो बाहेर सोडेना. पासाशिवाय कोणतीही वस्तू बाहेर जात नाही. त्याचेही बरोबर होते. मी पास लिहिला: तांदूळ, किडका, अंदाजे दोन किलो, मूळ माल नव्हे.

सोमवारी त्या आठलाच फाटकावर होत्या. दुपारपर्यंत वेग चांगला होता. तीननंतर बोटे आखडू लागली. दर अर्ध्या तासाने त्या मला किती वाजले विचारत आणि घड्याळ माझ्या मागे भिंतीवर, त्यांच्या समोरच होते. रुचिका मॅडम पाचला आली आणि शिवून झालेले तपासू लागली. एकेका बटव्यात बोट घालून मणी ओढून बघत होती. एकही तुटला नाही. एकातही दाणा निघाला नाही.

पावणेसहाला मी मोजले. दोनशे पंच्याण्णव झाले होते. सतरा उरले होते. त्यांतले तांदूळ काढलेले होते, शिवणी झाडलेल्या होत्या, पिशव्याही नव्या होत्या. फक्त मणी लागायचा होता. आखडलेल्या बोटांनी सतरा मणी लावायला एक तास तरी हवा होता.

"मावशी, ते सतरा स्वच्छ आहेत," रुचिका मॅडम म्हणाली. "मणी लावलाच पाहिजे असं कंपनी म्हणत नाही. रिकामे चालतात. मी पास करते."

"आनि न्हाय दिले तर?"

"तीनशे बारा भरायला हवेत. एक कमी पडला तरी मला सगळं रद्द करावं लागेल. खातंही."

कमळाबाईंच्या हातात शहाण्णवावा पिवळा मणी होता. त्यांनी सुईत घातला, बाहेर काढला. दौलतकडे पाहिले. दौलत खाली बघत होता. हात न हलवता त्या एका जागी उभ्या राहिलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. मग त्यांनी सतरा बटवे दोन्ही हातांनी मॅडमकडे सरकवले आणि म्हणाल्या, "घे बाय."

सहाला पाच मिनिटे कमी असताना माल पास झाला. खाते राहिले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. त्या दहाला फाटकावर आल्या. मला वाटले, आता तरी समाधान असेल. त्यांनी विचारले, ते सतरा कुठल्या खोक्यात गेले? सगळे एकत्र फडताळावर गेले होते. मी शोधून देता येणार नाही म्हणालो. पास झालेला माल विक्रेत्याला हाताळता येत नाही. त्या गेल्या, शनिवारी आल्या. मंगळवारी आल्या. तोच प्रश्न.

यानंतरचे मी कुठे नोंदवलेले नाही. बटव्याची मागणी आली की फडताळावरून नग काढायचे काम दौलत स्वतःकडे घेऊ लागला. प्लॅस्टिकवरून अंगठा दाबून बघायचा. मणी लागला तर बटवा खोक्यात. नाही लागला तर परत फडताळावर, मागच्या रांगेत. जो माल आधी आला तो आधी जावा, हा नियम मी तेहतीस वर्षे पाळला आणि पाळायला लावला. मी टेबलावरून बघत होतो आणि काही म्हणालो नाही.

तुळशीच्या लग्नानंतर मागणी वाढली. डिसेंबर संपता संपता फडताळावर मागची रांग तेवढी राहिली. नव्वद दिवस पडून राहिलेला माल विक्रेत्याला परत मागता येतो. मी मुदत भरल्याच्या दिवशीच अर्ज तयार ठेवला. कमळाबाईंनी सही केली. दौलत आतून बटवे घेऊन आला आणि त्याने टेबलावर मांडले. सोळा भरले. पुन्हा मोजले, सोळाच.

जावकाची वही उघडली. दौलत भाचीच्या हळदीला दोन दिवस रजेवर होता, तेव्हा दुसऱ्याने नग काढले होते. त्यातला एक नागपूरला गेला होता.

गिऱ्हाइकाचा पत्ता विक्रेत्याला द्यायचा नाही, हा नियम यादीत नव्हता. तो आमच्यासाठी होता. कमळाबाईंनी पत्ता मागितलाही नाही. गावाचे नाव विचारले. मी सांगितले.

"लांब हाय कं?"

"लांब आहे."

"फोन करून सांगता येल कं तिला, मूठभर तांदूल घालून घे म्हनून? मी पैसे देते फोनचे."

विक्रेत्याच्या वतीने गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही, असे मी सांगितले. त्यांनी मान डोलवली. माझ्या तोंडून नाही ऐकायची त्यांना सवय झाली होती. सोळा बटवे पिशवीत घालून त्या गेल्या, आणि पुढच्या खेपेचे दोनशे घेऊन आठवड्यात परत आल्या. प्रत्येकात आतून हिरवा मणी. अर्जातल्या 'आतील वस्तू' या रकान्यात दिपालीने या वेळी 'एक मणी, शिवलेला' असे लिहिले होते.

पण मंगळवार-शनिवार सुटले नाहीत. आता प्रश्न बदलला होता. गिऱ्हाइकाला वस्तू आवडली नाही तर महिनाभरात परत पाठवता येते, हे त्यांना कुठून तरी कळले होते. नागपूरहून काही परत आले का, एवढे विचारत आणि उत्तर ऐकून लगेच फेऱ्या घालू लागत. मी परतीच्या नोंदी बघून ठेवत असे. महिना झाला. मग मीच फाटकापर्यंत गेलो आणि सांगितले की मुदत संपली, आता परत येणार नाही, त्या बाईंनी बटवा ठेवून घेतला आहे.

कमळाबाई थांबल्या.

"ठेवला?"

"हो, ठेवला."

"रिकामाच?" त्यांनी विचारले, आणि मी काही बोलायच्या आत त्या पुन्हा झाडाकडे चालू लागल्या होत्या.